गॅस मास्क काढ, आजीचा हंडा ठेव: पहिल्या डिस्टोपियन कादंबरीच्या कव्हरबद्दल

भाऊ, तुझी तिन्ही प्रकरणं रात्री वाचून काढली आणि सकाळी परत एकदा वाचली, मगच लिहायला बसलोय. तू विचारलंस ते आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय २४, गाव पारोळ्याकडचं, पहिलीच कादंबरी, डिस्टोपियन म्हणजे पुढच्या काळातल्या बिघडलेल्या जगाची, नाव 'दुसऱ्याचं पाणी', साधारण २४० पानं. काळ २०७१, खान्देशात माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, अंगठा लावल्याशिवाय नळ उघडत नाही, आणि एक पोरगी मेलेल्या आजीच्या नावावरचं पाणी भरत राहते. प्रकाशक म्हणतोय कव्हर तुम्हीच आणा. तू एआयवर एक चित्र बनवलंयस, लाल सूर्य, मोडक्या गगनचुंबी इमारती, पाठमोरा गॅस मास्कवाला पोरगा, आणि विचारतोयस की हे चालेल का, फॉन्ट कुठला घ्यावा, आणि पाणी, तापी, दुष्काळ हे कव्हरवर आणलं तर लोक ग्रामीण कादंबरी समजून बाजूला ठेवतील का.

मी जळगावला तीसेक वर्षं हेच काम करतोय, सुरुवात प्रेसमध्ये लग्नपत्रिका लावण्यापासून झाली, त्यामुळे कागद आणि शाई दोन्हीकडून सांगू शकतो. चित्र चालणार नाही. कारण मात्र नीट सांगतो, नाहीतर तुला वाटेल मला एआयचा राग आहे.

त्या चित्रातल्या इमारती बघ. पन्नास मजली. तुझ्या कादंबरीत सगळ्यात उंच गोष्ट कुठली आहे? पाण्याची टाकी. पोरगी कुठे राहते? नदीकाठच्या पडक्या वाड्यात. गॅस मास्क तीन प्रकरणांत एकदाही येत नाही. त्या मशीनने 'डिस्टोपियन' हा शब्द ऐकला आणि जगभरच्या हजारो कव्हरांवर जे पाहिलं ते काढून दिलं, त्यात तुझं एक वाक्य नाहीये. वाचक ते चित्र बघून घाबरत नाही रे, कारण ते शहर त्याचं नाही, पडलं तर पडलं. भीती कधी वाटते, जेव्हा आपल्या घरातली वस्तू असते आणि तिच्यात एकच गोष्ट बदललेली असते. सगळं मोडलेलं दाखवलं की ती सिनेमातली गोष्ट होते, एकच बदललेलं दाखवलं की माणूस थबकतो आणि आपल्या स्वयंपाकघराकडे बघतो.

माझी कामाची पद्धत सांगतो. मी हस्तलिखित वाचताना घटना लिहून ठेवत नाही, वस्तू लिहून ठेवतो. घटना पुस्तकात राहू द्यायच्या, कव्हरला वस्तू लागते. तुझ्या तीन प्रकरणांतून मी अंगठ्याचं यंत्र, निळं टिपाड, टँकरचा पाइप, रेशनकार्डासारखं पाणीकार्ड, वाळलेली केळीची खोडं असं बरंच उतरवलं. आणि दुसऱ्या प्रकरणात तू चार ओळीत लिहून पुढे निघून गेलास ती जागा, पोरगी अंधारात आजीचा पितळी हंडा चाचपते आणि गळ्यावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं आजीचं नाव बोटांना लागतं. भाऊ, तुझं कव्हर तिथे आहे. तूच लिहिलंयस, तुला दिसलं नाही एवढंच.

विचार कर. आपल्याकडे घरोघरी भांड्यांवर नावं असतात, लग्नात आलेली, मामाने दिलेली, दुकानदार विचारायचाच की काय नाव घालू. ते नाव म्हणजे मालकी, माणूस गेला तरी भांड्यावर राहतं. आता त्याच हंड्याच्या तोंडावर झाकण, आणि झाकणाला तारेने आवळलेलं शिशाचं सील, जुन्या वीज मीटरला असायचं तसं, त्यावर ठोकलेला नंबर. गळ्यावर मराठीत आजीचं नाव, सीलवर इंग्रजी आकड्यांत सरकारचा नंबर. दुसऱ्याचं पाणी म्हणजे नक्की कुणाचं, आजीचं का सरकारचं का त्या पोरीचं, हा सगळा प्रश्न त्या दोन खुणांमध्ये आला, वर एक शब्द समजावून सांगायला लागत नाही. आणि हंडा आजचा आहे, हंड्यावर सील मात्र आज नसतं. इथे वाचकाला कळतं की हे पुढच्या काळातलं आहे, त्यासाठी उडत्या गाड्या दाखवायला नको.

तुझी ग्रामीण वाटण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. भेगाळलेली जमीन, एक बोडकं झाड, डोक्यावर हंडा घेतलेली पाठमोरी बाई, वर भगवा पिवळा सूर्य, हे दुष्काळाचं चित्र आपण इतक्या वेळा पाहिलंय की डोळा त्याच्यावर थांबतच नाही. म्हणून भेगाळलेली जमीन घ्यायची नाही, कितीही मोह झाला तरी. बाई घ्यायची नाही. सूर्य तर नाहीच. हंडा एकटा, जसा सरकारी गोदामात जप्त केलेला माल ठेवतात तसा समोरून, सपाट, खाली एक बारीक सावली. आणि रंग. लोक उन्हाळा म्हटलं की तांबडा नारंगी लावतात, ते इथे न राहिलेल्या माणसाचं ऊन आहे. तू मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळ स्टेशनबाहेर उभा राहिलायस ना, पारा ४५ च्या पुढे, तेव्हा आकाश कुठल्या रंगाचं असतं? निळंही नाही, लालही नाही, पांढुरकं असतं, डोळे मिटावे लागतात असं. त्या पांढुरक्यात दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडच्या राखेचा थोडा करडा मिसळ, ती तुझी बॅकग्राउंड. अंधारी काळी कव्हरं दुकानात ढिगाने असतात, त्यात हे फिकं, उन्हाने जळालेलं कव्हर वेगळं उठून दिसेल, आणि तुझ्या कादंबरीतली भीती रात्रीची नाहीच, बहुतेक सगळं भर दुपारी घडतंय.

आता हे चित्र करायचं कसं. चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत म्हणतोस तर फोटो काढ, आणि त्यासाठी आपल्याच मातीतला माणूस गुरू धर. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९), स्टेशनजवळच्या घरात कित्येक वर्षं बाहेर न पडता राहिले आणि घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो काढायचे की बघणाऱ्याला वाटावं खरंच मोठा देखावा आहे. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. त्यांचं घर आता संग्रहालय म्हणून जपलंय, पारोळ्याहून लांब नाही, एकदा जाऊन ये आणि नुसता उजेड कुठून कुठे पडलाय ते बघत बस, मी तरुणपणी दोनदा तीनदा गेलोय आणि प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन आलोय.

तुझं टेबल असं मांड. खिडकी एकाच बाजूला, सकाळचा सात साडेसातचा उजेड, थेट ऊन नको. खिडकीला पांढरी सुती साडी नाहीतर बटर पेपर लाव म्हणजे उजेड मऊ होतो. समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी कर, ती सावली थोडी उचलते. पितळ आरशासारखं असतं, हंड्याच्या पोटावर तू, तुझा शर्ट, मोबाइल सगळं उमटतं, म्हणून हंडा चकचकीत घासू नकोस, नुसत्या पाण्याने धुऊन दोन दिवस तसाच राहू दे आणि स्वतः पांढरा शर्ट घाल. सील खरं मीटरचं काढायचं नाही, तो गुन्हा आहे. मासे धरायच्या गळाला लावायचं शिसं मिळतं, ते हातोडीने चपटं कर, तांब्याची बारीक तार, आणि हार्डवेअरच्या दुकानात नंबर पंचचा सेट मिळतो, ० ते ९ आकड्यांचा, त्याने नंबर ठोक. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने नीट धू, ते विषारी असतं. नंबरही कसाही ठोकू नकोस, पहिल्या प्रकरणात आजीचा कार्ड नंबर दिलायस तोच ठोक. वाचणारा पुस्तक मिटवताना परत कव्हर बघेल आणि त्याला तो नंबर ओळखू येईल.

मोबाइल १२ मेगापिक्सेलचा असला तरी भागतं, ४००० बाय ३००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला (छापताना इंचाला ३०० ठिपके) साधारण १३ बाय १० इंच. डेमी साइजचं पुढचं कव्हर साडेपाच बाय साडेआठ इंच असतं, त्याला १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात, आरामात बसतं. तुझं एआयचं चित्र १०२४ पिक्सेल रुंद आहे, ३०० ला भाग, साडेतीन इंच सुद्धा होत नाही, ते ताणून छापलं की धुरकट येणार. व्हॉट्सअॅपवरून फोटो स्वतःला पाठवून तो वापरू नकोस, व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं, केबलने नाहीतर डॉक्युमेंट म्हणून घे. झूम करू नकोस, मागे जा, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकव आणि टायमर लाव.

अक्षरांवर मी जास्त वेळ घेणार आहे कारण मराठी कव्हरं नव्वद टक्के तिथेच मरतात. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींमधली अक्षरं आठव, नाव वाचायच्या आधीच नाटक हलकंफुलकं का गंभीर ते कळायचं. अक्षर नुसतं वाचायला नसतं, त्याला आवाज असतो. ग्रामीण कादंबरीच्या कव्हरवर बहुतेक वेळा ब्रशचं फराटेदार अक्षर असतं, तेच तू घेतलंस तर हंडा अधिक ब्रश म्हणजे झालं, तुला जी भीती आहे तेच होणार. तुझ्या नावाला आवाज हवा सरकारचा, आणि तो आवाज तू लहानपणापासून बघतोयस, भुसावळ यार्डात मालगाडीच्या डब्यांवर, पाण्याच्या टँकरवर, सरकारी पेट्यांवर, स्टेन्सिल ठेवून मारलेलं अक्षर. ज्याने मारलं तो माणूस त्यात दिसत नाही, फक्त हुकूम दिसतो.

देवनागरीत स्टेन्सिल कापणं इंग्रजीसारखं सोपं नाही आणि म्हणूनच त्यात मजा आहे. शिरोरेषा एकसलग ठेवून कापलीस तर 'प', 'च', 'स', 'ण' यांची पोटं सुटून खाली पडतात आणि नुसते भरीव ठोकळे उरतात. म्हणून जागोजागी पूल, म्हणजे न कापलेल्या बारीक पट्ट्या, ठेवावे लागतात, शिरोरेषा तुटते, आणि ती तुटलेली शिरोरेषा तुझ्या कादंबरीला इतकी शोभते की दुसरा काही अलंकार नकोच. पेंटर लोक जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ब्लेडने स्टेन्सिल कापतात, तसंच कर. आधी पेन्सिलने कागदावर नाव मोठं काढ, पुलांच्या जागा ठरव, फिल्मखाली ठेवून काप, मग स्पंजला अगदी कमी काळा रंग घेऊन थोपट, जास्त झाला की फिल्मखाली पसरतो. वीसेक वेळा मार, त्यातलं एक बरोबर येतं, जिथे रंग कुठे दाट कुठे विरळ असतो. ते ६०० डीपीआयला स्कॅन कर.

दोन ओळीत लावशील तेव्हा एक अडचण येईल, 'दुसऱ्याचं' मधल्या 'दु' चा उकार खाली उतरतो आणि खालच्या ओळीत 'पाणी'ची वेलांटी वर चढते. ओळी जवळ आणल्या की टक्कर. संगणक ती टक्कर बघत नाही, त्याला सगळ्या ओळी सारख्या. 'पाणी' थोडा उजवीकडे सरकवून बघ, उकार 'पा'च्या अलीकडच्या मोकळ्या जागेत उतरेल आणि ओळी जवळ येऊ शकतील. इंग्रजी कव्हर बघून अक्षरांमध्ये जागा सोडायचा मोह होतो, तो तर अजिबात नको, देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शब्दाचे तुकडे होतात आणि ते तुकडे स्टेन्सिलच्या पुलांसारखे ठरवून केलेले नसतात, चुकलेले वाटतात.

आणि तो 'ऱ्या'. तुझ्या नावात तो आहे म्हणून पोटतिडकीने सांगतो. मराठीत 'दुसऱ्या' लिहिताना र चा तो आडवा चंद्रकोरीसारखा अर्धा र लागतो, कित्येक फॉन्टमध्ये आणि कित्येक डीटीपीवाल्यांकडे त्याचा 'दुसर्या' होतो, रफार वर जातो, आणि पुस्तकाच्या नावातच चूक. हाताने कापतोयस म्हणून कव्हरवर सुटशील, पण कणा, मलपृष्ठ, आतलं टायटल पान सगळीकडे टाइप करावं लागणार, प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी तपास. फोटोशॉप इलस्ट्रेटरमध्ये भारतीय भाषांचं टेक्स्ट इंजिन चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते. इंकस्केप हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात हे बऱ्यापैकी नीट येतं. बाकी मजकुराला 'मुक्ता' (Mukta) नावाचा फॉन्ट घे, 'एक टाइप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, मोफत आहे, वजनं भरपूर आहेत आणि बारीक आकारातही नीट वाचला जातो. पीडीएफ देताना सगळी अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून दे म्हणजे प्रेसच्या मशीनवर फॉन्ट नाही म्हणून काही बदलणार नाही. श आणि ल सुद्धा बघ, काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, मराठी डोळ्याला खटकतात.

तुझं नाव पुस्तकाच्या नावापेक्षा बरंच लहान ठेव. वाईट वाटून घेऊ नकोस, पहिल्या पुस्तकाला वाचक विषयाकडे बघून हात घालतो. 'कादंबरी' हा शब्द कव्हरवर बारीक का होईना असू दे. 'डिस्टोपियन कादंबरी' असं पुढे लिहू नकोस, ते मलपृष्ठावरच्या मजकुरातून कळू दे, आणि तो मजकूर शंभरेक शब्दांत संपव, आजी मेली आहे हे सांग, पुढचं काही सांगू नकोस.

आता छपाईचं. कणा म्हणजे पुस्तकाची जाडी, तिचा हिशोब साधा आहे, २४० पानं म्हणजे १२० कागद, एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर धरली तर १२ मिलिमीटर. पण कागद बदलला की हे सगळं बदलतं. माझ्याकडून एका कथासंग्रहाचं कव्हर असंच गेलं, कणा काळा आणि पुढचं मागचं कव्हर पांढरं, मी ११ मिलिमीटर धरून फाइल दिली, ऐनवेळी आतला कागद बदलून जाडसर नॅचरल शेड आला, मला कुणी कळवलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. कणा झाला १४. काळ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दीड दीड मिलिमीटर पांढरं, आणि सगळी आवृत्ती तशीच बांधून आलेली. त्या लेखिकाबाईंनी पुस्तक हातात घेतलं आणि काही बोलल्या नाहीत, अंगठ्याने ती पांढरी कड पुसून बघितली. ते मला अजून आठवतं. तेव्हापासून प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुन्याचं कोरं पुस्तक, बांधून घेतल्याशिवाय मी कण्याचं माप टाकत नाही, आणि कण्याच्या कडेवर रंग बदलत नाही. तुझी बॅकग्राउंड एकच पांढुरकी आहे, ती मागून पुढे सलग वाहू दे, मिलिमीटर इकडे तिकडे झाला तरी कळणार नाही.

चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारी जादा जागा, सोड. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, कर, आणि पितळेवर लक्ष ठेव, छापताना त्यात निळा जरा जास्त गेला की हंडा हिरवट मळका दिसतो, म्हणून निळा हाताने कमी कर आणि एक तरी प्रूफ कागदावर काढून ते उन्हात नेऊन बघ. कव्हरला ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. प्रेसवाल्याला कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवायला सांग, नाहीतर कव्हर नीट दुमडत नाही आणि पावसाळ्यात आतल्या बाजूचा कागद दमट हवा पितो, बाहेरची लॅमिनेशनची फिल्म पीत नाही, आणि कव्हर वळून पुस्तकाचं तोंड उघडं राहतं. स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागेवरचा चकचकीत थर, घ्यायचं असेल तर फक्त सीलवर घे, एवढ्याशा जागेवर, बोट फिरवलं की ते लागेल. नावावर नको.

बारकोड मागच्या बाजूला, पांढऱ्यावर काळा. कुणीतरी तुला सांगेल की लाल कर, छान दिसेल. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेषा दिसतच नाहीत. आयएसबीएन प्रकाशकाकडून येईल, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी तो देते, ९७८ पासून सुरू होणारे १३ आकडे, ते आकडे प्रूफला स्वतः एकेक करून जुळव.

सगळं झालं की कव्हर मोबाइलवर नखाएवढं करून आईला दाखव. तिला विचार काय दिसतंय. ती 'हंडा' म्हणाली तर अर्धं काम झालं, 'हंड्याला हे काय लावलंय रे' म्हणाली तर पूर्ण झालं.

एक गोष्ट राहिलीच. तिन्ही प्रकरणं मी परत चाळली, त्या हंड्यावर नाव आहे असं तू लिहिलंयस, पण आजीचं नाव काय ते कुठेच नाहीये, सगळीकडे नुसतं आजी. बोटांना लागतं ते नाव कुठलं? कव्हरवर ते अक्षरन् अक्षर दिसणार आहे, मोघम टिंबं ठोकून चालणार नाही. आणि त्या पिढीच्या भांड्यांवर नुसतं नाव नसायचं, पुढे नवऱ्याचं नाव, कधी गावाचं, कधी साल. घरात जुनी भांडी असतील ती माळ्यावरून काढ, कशी घातलीत ती नावं ते नीट बघ, मग आजीचं नाव ठरव आणि भांड्यांच्या दुकानात जाऊन ठोकून घे. ते झालं की मला फोटो पाठव, सकाळच्या उजेडातला.